चढ, उतार आणि पाट : मोटारीशिवाय सायकल सहल

दिवाळीची सुट्टी जवळ आली की हॉस्टेलमध्ये दरवर्षी एक बेत शिजतो. "चला, सायकलवर नाशिकला जाऊ!" मेसच्या टेबलावर दहा जण तयार होतात, नोटीस बोर्डावर नावे लागतात आणि मग कोणीतरी म्हणतो, "मागे एक टेम्पो ठेवू. सामान त्यात टाकू. दमलो तर बसू." इथेच सहलीचा जीव जातो. कारण टेम्पो मागे आला की रस्ता टेम्पोला चालेल असाच घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा हायवे, ट्रक आणि धूर. सायकलची खरी मजा जिथे आहे ती जंगलातली वाट, द्राक्षमळ्यांमधला शिवार रस्ता आणि कालव्याचा काठ टेम्पोला चालत नाही.

तेव्हा हा लेख म्हणजे एक छोटा पाठ समजा. विषय : ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुलांनी रेल्वे आणि सायकल एवढ्यावर सहल कशी आखावी. सिलॅबस फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सपलीकडे जात नाही.

तीन उतार

मी नकाशा अंतराने वाचत नाही, उताराने वाचतो. आपल्या भागात तीन प्रकारचे उतार एकाच दिवसात भेटतात.

पहिला रेल्वेचा. कल्याण जवळपास समुद्रसपाटीला, कसारा सुमारे २९० मीटरवर आणि इगतपुरी सुमारे ५९० मीटरवर. कसारा ते इगतपुरी १६ किलोमीटरच्या आसपास. या थळघाटात रेल्वेचा तीव्र चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. बहुतेक गाड्यांना त्यासाठी मागून जादा इंजिने लावतात. ती आपण 'बँकर' म्हणून ओळखतो. रेल्वे १८५४ साली कल्याणला, १८६१ साली कसाऱ्याला आणि हा घाट चढून १८६५ साली इगतपुरीला पोहोचली.

दुसरा उतार घाटरस्त्याचा. तिथे २०ला १ किंवा त्याहून तीव्र चढ सहज भेटतो. आणखी मागे गेलात तर कल्याण बंदरातला माल जुन्नरकडे नाणेघाटातून जनावरांच्या पाठीवर जायचा. त्या दगडी पायऱ्यांवर चाकाचे काम नाही.

तिसरा उतार कालव्याचा, आपल्या गाववाल्यांच्या भाषेत पाटाचा. कालव्यातले पाणी वाहिले पाहिजे, पण जोरात वाहून काठ खाता कामा नये. म्हणून कालव्याला काही हजाराला १ इतका मंद उतार देतात. ५०००ला १ धरा : १० किलोमीटरमध्ये फक्त २ मीटर! आपल्या हॉस्टेलच्या एका मजल्यापेक्षाही कमी. मधली एखादी पायरी सोडली, तर कालव्याचा काठ म्हणजे सिव्हिलवाल्यांनी लेव्हल लावून तयार केलेला सायकल मार्गच. फ्रान्समधला 'कनाल द्यु मिदी' हा कालवा १६८१ साली पूर्ण झाला. पूर्वी त्याच्या काठाने घोडे नावा ओढायचे. आज त्याच काठावर द्राक्षमळ्यांमधून लोक सायकली चालवतात. द्राक्षे आणि कालवा ही जोडी आपल्या नाशिक जिल्ह्यातही आहे.

गणित पहिले : घाट किती वडापावचा?

चालवणारा ६५ किलो, सायकल १४, सामान ६. एकूण ८५ किलो. कसारा ते इगतपुरी चढ ३०० मीटर.

काम = ८५ × ९.८१ × ३०० = सुमारे २५० किलोज्यूल.

आपले शरीर खाल्लेल्या उर्जेपैकी सुमारे पाव भागच पेडलपर्यंत पोहोचवते. म्हणजे लागणारी ऊर्जा साधारण १००० किलोज्यूल, सुमारे २५० किलोकॅलरी. ढोबळमानाने एक वडापाव. बँकर लावून रेल्वे जो घाट चढते तो तुम्ही, रस्त्याचे घर्षण सोडले तर, एका वडापाववर चढू शकता!

मग लोक अर्ध्यात का बसतात? कारण प्रश्न उर्जेचा नसून गिअरचा आहे.

गणित दुसरे : गुडघा वाचवा

पार्किंगमधल्या एका साध्या काळ्या सायकलचे दात मोजले. पुढे ४४, मागे १८. चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४५ मीटर पुढे जाते. सपाटीवर मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर. झकास.

आता २०ला १ चढ घ्या. चढाचा विरोध सुमारे ४२ न्यूटन, टायरच्या घर्षणाचा सुमारे ७, एकूण ४९ धरू. सामान्य मुलाला बराच वेळ टिकेल अशी शक्ती १०० वॅट. वेग निघतो ताशी साडेसात किलोमीटर. या वेगाला साध्या सायकलचे पेडल मिनिटाला जेमतेम २३ फेरे फिरते आणि पायावर सरासरी २५ किलोवजनाचा जोर येतो. दर फेऱ्यातला कमाल जोर त्याच्या दुपटीच्या घरात.

तोच चढ, तीच शक्ती, पण गिअरची सायकल : पुढे २८ दात, मागे ३४. आता मिनिटाला सुमारे ६८ फेरे आणि सरासरी जोर फक्त साडेआठ किलोवजनाचा. वेग तोच, घाम तोच, पण गुडघ्यावरचा भार एकतृतीयांश.

हे आकडे नुसते पाठ करण्यापुरते नाहीत. आमच्या विंगमधला एक मित्र बिनगिअरच्या सायकलवर, "उतरायचं नाही" अशा जिद्दीने घाट चढला. चढलाही. पुढचे पाच आठवडे त्याला मांडी घालून जेवायला बसता येत नव्हते आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली बदलून तळमजल्यावर घ्यावी लागली. त्याने पैज जिंकली, पण आजही जिना उतरताना तो कठडा धरतो. साधी सायकल असेल तर चढावर खुशाल उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. किंवा घाट रेल्वेला चढू द्या!

उताराचेही तेच. वर नेलेले २५० किलोज्यूल खाली येताना ब्रेकला खावे लागतात. दांड्याच्या ब्रेकची सायकल घाटात उतरवू नका, पावसात तर नाहीच.

गणित तिसरे : न दिसणारा घाट

पाट सपाट, पण वारा? ताशी १८ किलोमीटरने जाताना हवेचा विरोध साधारण ९ न्यूटन. समोरून ताशी ११ किलोमीटरचा हलका वारा सुटला की तोच २३ न्यूटन होतो. एकूण लागणारी शक्ती ७८ वॅटवरून थेट दीडशेच्या आसपास! म्हणजे सपाट पाटावर ६०ला १ चा अदृश्य चढ. उपाय सोपा : वेग कमी करा, एकामागोमाग चला, पुढचा दर दहा मिनिटांनी बदला. दुपारपर्यंत मुक्काम गाठायचा, म्हणजे ऊनही टळते.

कुठे जायचे?

*पहिली सहल, एक दिवस :* कसारा लोकलने आटगाव. तिथून तानसा तलावाकडे. हा साग-ऐनाच्या जंगलाचा, तानसा अभयारण्याचा परिसर. तानसा धरण १८९२ सालचे. त्याचे पाणी आजही उताराने वाहत मुंबईकडे येते. हाही आपल्या पाठातला एक उतारच. पाइपलाइनलगतचा रस्ता महापालिकेचा आहे, परवानगीशिवाय त्यावर शिरायचे नाही. जंगलात गाणी लावायची नाहीत आणि अंधाराआधी स्टेशन गाठायचे.

*दुसरी सहल, दोन-तीन दिवस :* रेल्वेने नाशिक रोड. पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे आहेत. 'सुला'ची वाइन २००० साली इथूनच बाजारात आली. तिथून गोदावरीच्या वाहण्याच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला निफाड तालुक्यात उतरायचे. नदी उतरते तिकडे आपणही उतरतो, हे लक्षात ठेवा. वाटेत खाण्याच्या द्राक्षांचे मळे, कांद्याच्या चाळी आणि पाटाच्या चाऱ्या. शेवट नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावर. २०२० साली जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेले. परतीची गाडी निफाड किंवा लासलगावहून पकडायची.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मळ्यांत औषधफवारणी जोरात असते, फवारा दिसला की वाऱ्याच्या वरच्या अंगाने जा. घड तयार होतात जानेवारी ते मार्चमध्ये. न विचारता घड तोडणे ही चोरीच. आणि विचारलेत, तर शेतकरी दादा बहुधा ओंजळभर देतातच. ती मात्र धुऊन खा.

पाटावरचे नियम

कालव्याचा काठ जलसंपदा खात्याचा आणि वापर शेतकऱ्यांचा. गावात शिरताच पाटकऱ्याला किंवा चहाच्या टपरीवर विचारा. "पुढं रस्ता हाय का?" या एका प्रश्नाने दहा किलोमीटर वाचतात. आवर्तन चालू असताना काठ मऊ असतो. काळ्या मातीत पाऊस पडला असेल तर अजिबात जाऊ नका, चिखल मडगार्डमध्ये भरून चाक फिरेनासे होते. बैलगाडी आली तर आपण उतरायचे. पाटात पोहायचे नाही. पाणी संथ दिसते, पण अस्तर लावलेल्या काठावर हाताला धरायला काही मिळत नाही.

बाभळीचे काटे हा इथला खरा शत्रू. दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर लिव्हर, पंप, पान्हा आणि थोडे तेल ग्रुपमध्ये हवेच. पंक्चर काढायला निघण्यापूर्वी हॉस्टेलमध्येच शिका.

लांब गाडीला सायकल पार्सलने, ब्रेकव्हॅनमधून जाते. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात नियम विचारून घ्या. लोकलमध्ये लगेज डबा, लगेजचे तिकीट आणि गर्दीच्या उलट वेळ. सकाळी डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत सायकल घालायचा विचारही नको. त्या वेळी दारात लटकणाऱ्याचा जीव आपल्या हँडलपेक्षा मोलाचा.

शेवटी गृहपाठ. आपापल्या सायकलचे पुढचे-मागचे दात मोजा, चाकाचा घेर दोरीने मोजा आणि २०ला १ चढावर तुमचे पेडल मिनिटाला किती फेरे घेईल ते काढा. उत्तर ४०च्या खाली आले तर मागे मोठे फ्रीव्हील बसवून घ्या किंवा पाटाची वाट धरा. गणित जमले की नोटीस बोर्डावर नाव लिहा. टेम्पोचा रकाना मात्र यंदा ठेवू नका!