एस्पेरांतो भाषा आणि बोलकें यंत्र

निरनिराळ्या राष्ट्रांच्या लोकांस एकमेकांशीं सहज बोलतां यावें, ह्या हेतूनें डॉ. झामेनहोफ ह्यांनीं रचलेली एस्पेरांतो भाषा इ. स. १८८७ मध्यें वार्सा येथें प्रसिद्ध झाली. तिचीं अक्षरें २८. प्रत्येक अक्षरास एकच ध्वनि व प्रत्येक ध्वनीस एकच अक्षर. आघात नेहमीं शेवटून दुसऱ्या स्वरावर. इतकी नियमबद्ध भाषा संगणकाकडून वदवून घेणें अगदीं सोपें असावें, असें कोणासहि वाटेल. तें कितपत खरें आहे, हें पाहूं.

संगणकाचा आवाज बहुधा एखाद्या विशिष्ट भाषेकरितां घडविलेला असतो आणि तिच्याच संवयी तो बाळगतो. एस्पेरांतोंत शांततेस 'पाचो' म्हणतात. त्यांतील च 'चमचा' ह्या शब्दांतल्यासारखा असून तो 'सी' ह्या रोमन अक्षरानें लिहितात. इंग्रजी आवाज तेथें क म्हणतो. पोलिश आवाज मात्र बरोबर च म्हणतो, व त्याचा आघातहि बहुधा योग्य जागीं पडतो. म्हणून चिन्हांकित अक्षरांच्या जागीं पोलिश अक्षरें घालून मजकूर त्या आवाजास देण्याची एक युक्ति आहे. परंतु कुटुंब ह्या अर्थाचा शब्द 'फामिलीओ' आला, कीं पोलिश आवाज शेवटचे दोन स्वर एकत्र करून 'फामील्यो' असें म्हणतो आणि आघात 'मी'वर नेतो. तेथें दोन स्वरांमध्यें य-काराचें अक्षर घालावें लागतें. आंकडे तर तो पोलिश भाषेंतच वाचतो!

ह्याहून सरळ मार्ग म्हणजे त्या भाषेचे नियमच यंत्रास शिकविणें. 'ई-स्पीक' ह्या विनामूल्य प्रणालींत प्रत्येक भाषेकरितां अक्षरांच्या उच्चाराचे नियम व अपवादभूत शब्दांची यादी, अशी दुहेरी योजना असते. तिच्यांत एस्पेरांतो आहे आणि आपली मराठीहि आहे. तिचा आवाज थोडा कृत्रिम वाटतो, परंतु एस्पेरांतोचे उच्चार त्या भाषेच्याच नियमांनीं होतात.

अंध वाचकांस ही केवळ गंमत नव्हे. त्यांच्याकरितां 'एस्पेरांता लिगीलो' हें ब्रेल लिपींतील नियतकालिक १९०४ सालींच निघालें. आज पुष्कळ अंध वाचक संगणकाच्या आवाजानेंहि वाचतात. डोळसास चुकलेला उच्चार ऐकून हंसूं येईल. ज्यास पान दिसत नाहीं, त्याचा तो शब्दच हरवतो.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. 'हें जग मोठें आहे' आणि 'तूं शंभर वर्षें जग' ह्या वाक्यांतील दोन्ही 'जग' मोठ्यानें म्हणून पाहा. लेखन एक, परंतु ज निराळा! आपण अर्थावरून तो भेद जाणतों; यंत्रास तो शिकवावा लागतो. पाठ्यपुस्तकाचें एक पान घेऊन त्यांतील च आणि ज असलेले शब्द उच्चारानुसार वेगळे करा, आणि त्यांचा नियम सांपडतो का, तें शोधा. जें आपण संवयीनें जाणतों, तें दुसऱ्यास शिकवूं लागलें म्हणजेच आपल्याला खरें समजूं लागतें.