मांडीवरचा संगणक की मेजावरचा?



दहावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एक प्रश्न चर्चेला येतो. अभ्यासासाठी संगणक घ्यायचा आहे. मग लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? दुकानदार एक सांगतो, शेजारचा दादा दुसरेच सांगतो. खर्च मोठा असतो आणि तो पुन्हा पुन्हा करता येत नाही. म्हणून या दोन यंत्रांतील फरक आज आपण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तपासून पाहू या.

उष्णता जाते कोठे?

पंप पाणी वर चढवतो, पंखा हवा ढकलतो. संगणक असे काहीच करत नाही. त्याने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता साचून राहिली तर आतला प्रोसेसर निकामी होईल. तेव्हा संगणकाचा वेग किती ठेवायचा, हे बऱ्याच अंशी उष्णता किती झपाट्याने बाहेर टाकता येते यावर ठरते.

डेस्कटॉपच्या पेटीत जागा भरपूर असते. तेथे धातूच्या पातळ पात्यांचा मोठा ठोकळा आणि मोठा पंखा बसवता येतो. लॅपटॉपची जाडी असते जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणून लॅपटॉपचे अनेक प्रोसेसर १५ वॅटच्या आसपास चालतील असे बनवतात, तर डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रोसेसरसाठी हा आकडा बहुधा ६५ वॅट असतो. निबंध लिहिणे, धडे पाहणे, लहान प्रोग्रॅम चालवणे अशा कामांत हा फरक जाणवत नाही. मात्र चित्रफितीचे संपादन तासभर चालले, तर तापलेला लॅपटॉप स्वतःच आपला वेग कमी करतो. दोन्ही प्रोसेसरांची नावे सारखी दिसली तरी त्यांचे काम सारखे होईल असे समजू नका.

बॅटरीचा फायदा आणि तोटा

१९८१ साली बाजारात आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा संगणक हातात धरून नेता येई. पण त्याचे वजन जवळजवळ ११ किलोग्रॅम होते आणि त्यात बॅटरी नव्हती! १९९१ पासून लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या आणि पुढे लॅपटॉप खऱ्या अर्थाने सुटसुटीत झाला. या बॅटरीच्या संशोधनाला २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

समजा, बॅटरीत ५० वॅट-तास ऊर्जा मावते. लॅपटॉप १० वॅट घेत असेल तर ती ५ तास पुरेल. २५ वॅट घेत असेल तर २ तास. तुमच्या गावी वीज वारंवार जात असेल तर हा मोठाच लाभ होय. डेस्कटॉप वीज जाताच बंद पडतो आणि न साठवलेले काम नाहीसे होते. त्याला यूपीएस जोडला तर काम साठवण्यापुरती काही मिनिटे मिळतात.

परंतु बॅटरी वापराने झिजते, आणि उष्णतेने अधिक लवकर झिजते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की हवेची छिद्रे बुजतात. तो नेहमी कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा.

करून पाहा

घरातील इलेक्ट्रॉनिक वीज-मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा, तो ३२०० आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून दर लुकलुकीला ११२५ ज्यूल ऊर्जा खर्च होते.

वडीलधाऱ्यांना विचारून घरातील इतर सर्व उपकरणे थोडा वेळ बंद करा आणि फक्त संगणक चालू ठेवा. लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी आधी पूर्ण भरलेली असावी. मीटरला हात न लावता, एका लुकलुकीला शून्य धरून पुढील दहा लुकलुकींचा वेळ मोजा. एका लुकलुकीला सरासरी ४५ सेकंद लागले तर शक्ती ११२५ ÷ ४५ = २५ वॅट. ११.२५ सेकंदच लागले तर १०० वॅट.

रोज ४ तास वापर धरला, तर ३० दिवसांत पहिला संगणक ३ युनिटे घेईल आणि दुसरा १२. फरक ९ युनिटांचा. वीजबिलात तो दिसेल, पण केवळ तेवढ्यावरून निवड करावी इतका तो मोठा नाही.

मग निवड कशी करावी?

वसतिगृहात राहायचे असेल, यंत्र वर्गात न्यायचे असेल किंवा वीज भरवशाची नसेल, तर लॅपटॉप घ्यावा. एकाच जागी बसून काम करायचे असेल, भावंडांत मिळून वापरायचा असेल, तर डेस्कटॉप सोयीचा. त्याचा बिघडलेला भाग सहसा सुटा बदलता येतो आणि पुढे स्मृती वाढवता येते. अनेक लॅपटॉपांत ती पक्की जोडलेली असते. शिवाय डेस्कटॉपचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येत असल्याने मान वाकत नाही. लॅपटॉप घेतलाच, तर घरी तो पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कळफलक जोडावा.

खरेदीला जाण्यापूर्वी आठवडाभर एक नोंद ठेवा : संगणक लागला असता अशी कामे कोणती, ती कोठे, आणि किती वेळ? ती वही आईवडिलांपुढे ठेवा. चर्चा निम्म्या वेळात संपेल.

प्रश्न : एका मीटरवर १६०० हा आकडा आहे आणि दिवा ९० सेकंदांनी एकदा लुकलुकतो. संगणकाची शक्ती किती?
(उत्तर : २५ वॅट)