तिसरी तार

चतुर्थीचे दिवस सरले, की आमच्या पेडणे महालातील घराघरांत घासावयाच्या भांड्यांचा ढीग पडतो. आईच्या हातांना विसावा देणारे डिशवॉशर यंत्र कोरगावातील एखाद्या घरी आले, तर आम्हांस आनंदच आहे. परंतु पाणी, उष्णता आणि वीज या तिघांना ते एकाच पेटीत नांदविते, हे विसरता कामा नये.

प्रथम भाराचा विचार करू. पाणी तापविताना असे यंत्र सुमारे २००० वॅट शक्ती घेते. आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. भागाकार केल्यास सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह येतो. ६ अँपिअरचा लहान सॉकेट तो कसा पेलणार? म्हणून १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट व मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार हवी. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. सॉकेट यंत्राच्या मागे न बसविता बाजूला, पाणी न पोहोचेल व बटण सहज हाती येईल असा बसवावा.

तीन पिनांतील सर्वांत लांब पिन अर्थिंगची. ती सर्वांआधी जोडली जाते व सर्वांनंतर सुटते. यंत्राच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर प्रवाह या वाटेने जमिनीत उतरतो. ही वाट नसेल, तर ओल्या पायांनी पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाचा देहच वाट होतो. प्लग बसेना म्हणून ही पिन कापून टाकलेली आम्ही पाहिली आहे!

"एम.सी.बी. आहे, मग भय कसले?" असे पुष्कळ जण म्हणतात. हा भ्रम होय. १६ अँपिअरची एम.सी.बी. तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. प्राण घेण्यास एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. त्यासाठी आर.सी.सी.बी. हवी. गेलेला व परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ती क्षणार्धात वीज तोडते. तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज तुटली नाही, तर वायरमनला बोलवावे.

आपली जांभ्याची जमीन वैशाखात कोरडी पडते, आणि कोरडी माती वीज सहज वाहू देत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे व परवानाधारक वायरमनकडून त्याचा रोध मोजून घ्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, बोर्ड उघडणे तुमचे काम नव्हे. विचारणे मात्र तुमचेच. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा: आपल्या घरची तिसरी तार खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का?