चोथ्याचे पीठ

चि. बाळूस,


गाजराच्या रसानंतर उरणारा चोथा वाळवून पीठ करण्याचा तुझा बेत मला पटला. क्रम मात्र चुकतो आहे. ड्रायरची कोटेशने आली, आणि चोथा धरायचा कशात हे अजून ठरलेले नाही! गाजराच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही, चोथ्यात जातो. त्यात तंतू, खनिजे, बऱ्यापैकी कॅरोटीन असते; तशीच साखर आणि भरपूर पाणी असते, आंबटपणा मात्र नावालाच. असा ढीग उन्हाळ्यात दुपारभर पडला की जंतू माजतात. मग कितीही वाळव, त्यांनी सोडलेली काही विषे ६० अंशांच्या हवेने जात नाहीत. म्हणून गाजर नीट धुऊन, वाफवूनच रसाला घे. चोथा थेट झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात पडू दे आणि लगेच ट्रेवर पातळ पसर.

घरचे म्हणतील, एवढी वीज जाळण्यापेक्षा गाईला घाला. हिशेब त्यांच्या बाजूचा वाटतो खरा. ८० टक्के पाण्याच्या १०० किलो चोथ्यातून १० टक्के ओलाव्याचे पीठ जेमतेम २२ किलो मिळते. ७८ किलो पाणी उडवायला कागदावरच ५० युनिट लागतात, प्रत्यक्षात बरीच जास्त. पण तोच चोथा आधी दाबून पाणी ७० टक्क्यांवर आणलेस, तर उडवायचे पाणी ४५ किलोंच्या आसपास येते, आणि निथळलेला रस विकता येतो तो वेगळाच. वीज गेली त्या दिवशीचा चोथा मात्र ताजा असतानाच गोठ्यात जाऊ दे.

वाळवल्यावर सत्त्व उरते का, ही शंका अर्धी खरी आहे. क जीवनसत्त्व बरेचसे जाते, तेव्हा पाकिटावर त्याचे नाव छापू नकोस. तंतू आणि खनिजे कुठे जात नाहीत. कॅरोटीनला उजेड आणि हवा बाधते. म्हणून उघड्या उन्हात वाळवण घालू नकोस, पाकीटही अपारदर्शक, हवाबंद घे. हे पीठ पाणी फार पिते, बिस्किटाची कणीक घट्ट होते. सुरुवात ५ टक्क्यांनी कर. ‘पौष्टिक’ या शब्दावर गिऱ्हाईक एकदाच फसते.

तूर्त कुणाचा तरी ड्रायर भाड्याने घेऊन एक घाणा काढ, पिठाचा ओलावा आणि जंतुसंख्या प्रयोगशाळेत तपासून घे. अहवाल पाठव, मग कोटेशने पाहू.

तुझा,
मामा