शिरोभिघातानंतरचा शोथ : रक्तातील निदर्शके आणि वैद्याची सावधगिरी

हृदय, बस्ति व शिर या तीन मर्मांचे विशेष महत्त्व चरकाचार्यांनी सिद्धिस्थानातील त्रिमर्मीय सिद्धि या अध्यायात विशद केले आहे. शिरावर आघात झाल्यास मन्यास्तंभ, अर्दित, मोह, चेष्टानाश, वाणीतील गद्गदत्व इत्यादी लक्षणे उद्भवतात, असे तेथे वर्णन आहे. दुचाकी अपघातांच्या आजच्या काळात हे वर्णन पुनःपुन्हा आठवावे लागते.

आगंतु व्याधीत प्रथम व्यथा उत्पन्न होते आणि दोषवैषम्य मागाहून येते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत येथे मननीय आहे. आधुनिक शास्त्रही मेंदूच्या इजेचे दोन टप्पे मानते. आघाताच्या क्षणी पेशी व तंतू तुटतात, ही प्राथमिक इजा. त्यानंतर काही तासांपासून अनेक दिवसांपर्यंत सूज, रक्तपुरवठ्यातील अडथळा व दाह यांनी होणारी हानी ही दुय्यम इजा. दोन्ही विचारांची भाषा भिन्न आहे, म्हणून एकास दुसऱ्याचा पर्याय समजू नये. तथापि, अनर्थ आघाताबरोबर संपत नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

इजा होताच मेंदूतील मायक्रोग्लिया पेशी उद्दीपित होतात व इंटरल्युकिन-६ सारखे संदेशवाहक घटक स्रवतात. इंटरल्युकिन-६ च्या प्रेरणेने यकृतात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी, तयार होते. त्याची पातळी साधारणपणे दोन दिवसांत उच्चांक गाठते आणि कारण दूर झाल्यास सुमारे १९ तासांत निम्मी होते. मात्र अस्थिभग्न, न्यूमोनिया वा मूत्रमार्गाचा संसर्ग यांतही सीआरपी वाढतेच. म्हणून ते शोथ सांगते, स्थान सांगत नाही. याउलट जीएफएपी व यूसीएच-एल१ ही प्रथिने मेंदूच्या पेशींशी निगडित आहेत. सौम्य इजेनंतर १२ तासांच्या आत या दोहोंची पातळी पाहून सीटी स्कॅनची आवश्यकता ठरविण्यास साहाय्य करणाऱ्या चाचणीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली मान्यता दिली.

निदर्शकांचा उपयोग पुनर्लाभाच्या अनुमानासाठीही होतो. अमेरिकेतील ट्रॅक-टीबीआय या अभ्यासात दोन आठवड्यांनंतरही सीआरपी चढे असणाऱ्या रुग्णांत सहा महिन्यांनंतरची विकलांगता अधिक आढळली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या एका अभ्यासात आघातानंतर १७ वर्षांपर्यंत मायक्रोग्लियाचे उद्दीपन दिसून आले.

मग शोथ दडपला की रुग्ण बरा होईल, असे वाटणे साहजिक आहे. क्रॅश या चाचणीने २००४ साली हा समज खोटा ठरविला. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात मिथाइलप्रेड्निसोलोन दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. शोथाचा काही अंश दुरुस्तीसाठीही असतो. म्हणूनच आपल्या शोथहर योगांविषयीही, केवळ सीआरपी उतरले म्हणून मेंदू सुधारला, असा दावा करणे अनुचित होय.

येथे स्वतःचा एक प्रमाद नमूद करतो. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ शिरःशूल व विस्मृतीसाठी आले. वातप्रधान शिरःशूल मानून मी नस्य योजिले. सीआरपी प्राकृत आल्याने निश्चिंत झालो. पाचव्या दिवशी त्यांचा पाय ओढू लागला, तेव्हा मुलाने सांगितले, ‘‘वैद्यराज, तीन आठवड्यांपूर्वी आबा न्हाणीघरात घसरले होते.’’ सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली साचलेले रक्त दिसले. शस्त्रकर्मानंतर ते बरे झाले, परंतु ते पाच दिवस मी वाया घालविले होते. प्रश्नपरीक्षेत ‘पडलात का?’ हा एक प्रश्न राहिला होता.

यावरून पुढील नियम पाळावेत :

१. वाढता शिरःशूल, वारंवार छर्दि, तंद्रा, आक्षेपक, असमान बाहुल्या, नाक वा कानातून पाणी वा रक्त यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

२. वृद्ध, मद्यपी व रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्या बाबतीत किरकोळ पडणेही गंभीर मानावे.

३. रक्तस्राव नाही हे निश्चित होईपर्यंत नस्य, शिरोधारा वा शिरोभ्यंग करू नये.

४. औषधविक्रेत्यांनी डोक्यास मार लागलेल्यास अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके परस्पर देऊ नयेत.

५. पुनर्लाभकाळात निद्रा, स्मृति, वाणी व चाल यांची दर भेटीस नोंद ठेवावी. चिकित्सा मेंदूविकारतज्ज्ञाच्या संमतीनेच जोडावी.

रक्ताची चाचणी साहाय्यक आहे. रुग्णाची दर्शन-स्पर्शन-प्रश्न परीक्षा मात्र वैद्याने स्वतःच करावयाची असते.