गिअरच्या सायकलीचा गुणाकार



शासनाच्या मोफत योजनेतून सहावी व नववीच्या मुलामुलींना मिळणारी सायकल बिनगिअरची असते. तिचे दुखणे पंक्चर, ब्रेक आणि चेन एवढ्यावर भागते. परंतु सातपुड्याच्या या चढ-उतारात आता घरची, बहुधा जुनी घेतलेली, गिअरची सायकलही शाळेच्या स्टँडवर दिसू लागली आहे. तिचा मुठीजवळचा शिफ्टर तुटला की बाजारातून ‘बसेल तो’ आणतात. गिअर नीट लागत नाहीत, आणि सायकल घरी भिंतीला टेकते. दूरच्या वस्तीवरून येणाऱ्या मुलीची सायकल बंद पडली की तिची शाळाही बुडते, हे आम्हाला हजेरीपटावर दिसते. म्हणून या अंकात सायकलीचे गणित घेत आहोत.

शिफ्टरची एक ‘टिक’ वाजते तेव्हा ठरावीक लांबीची केबल ओढली जाते. ती केबल मागचा डिरेलर, म्हणजे चेनला बाजूला ढकलणारा भाग, सरकवते. पूर्वीच्या खटक्याला टिक नसे. चेन बसली की नाही हे स्वार कानाने ओळखत असे. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने ‘ड्युरा-एस’ संचात टिक आणली. सोय झाली, पण तेव्हापासून मापे जुळणे आवश्यक झाले. सूत्र सोपे आहे:

एका टिकेत ओढलेली केबल × डिरेलरचे प्रमाण = मागच्या दोन चक्रांमधील अंतर

शिमानोच्या सहा ते नऊ चक्रांच्या साध्या डिरेलरचे प्रमाण सुमारे १.७ आहे, म्हणजे केबल १ मिलिमीटर ओढली की डिरेलर १.७ मिलिमीटर सरकतो. सात चक्रांचा शिफ्टर एका टिकेत सुमारे २.९ मिलिमीटर ओढतो. गुणाकार ४.९३, आणि सात चक्रांच्या फ्रीव्हीलमधील अंतर सुमारे ५ मिलिमीटर. जुळले!

आता हाच शिफ्टर सहा चक्रांच्या फ्रीव्हीलवर लावा. तेथे अंतर सुमारे ५.५ मिलिमीटर असते. पाच टिकांत डिरेलर २४.६५ मिलिमीटर जाईल, जायचे आहे २७.५. जवळपास तीन मिलिमीटर कमी! मधले गिअर जुळवले तर टोकाचे बिघडतात. मिस्त्री दिवसभर स्क्रू फिरवत बसला तरी हा फरक जाणार नाही. दोष त्याच्या हाताचा नाही. उलट आठचा शिफ्टर सातच्या फ्रीव्हीलवर बहुधा चालून जातो, कारण आठ चक्रांतील अंतर ४.८ आहे. एक टिक तेवढी वाया जाते.

कंपनी बदलली तर? नावावर जाऊ नका, प्रमाण पाहा. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीच्या ‘वन-टू-वन’ डिरेलरचे प्रमाण सुमारे १.१ आहे. त्याला शिमानोचा सातचा शिफ्टर जोडला तर २.९ × १.१ = ३.१९, चेन पुढच्या चक्रापर्यंत पोहोचतच नाही. पण स्रॅमनेच शिमानोच्या मापाचे मुठीवर फिरणारे शिफ्टरही बनवले आहेत, ते शिमानोच्या डिरेलरवर व्यवस्थित चालतात. आणि काहीच जुळत नसेल तर बिनटिकेचा जुना खटका कशावरही चालतो. तो स्वस्तही पडतो. आम्हाला तर खेड्यासाठी तोच बरा वाटतो.

फ्रेमवर १८ किंवा २१ लिहिलेले असते, ते दुकानात सांगून उपयोग नाही. पुढची तीन गुणिले मागची सहा किंवा सात, असा तो आकडा. मागची चक्रे स्वतः मोजा. पट्टी घेऊन पहिल्या चक्राच्या बाहेरच्या बाजूपासून शेवटच्या चक्राच्या बाहेरच्या बाजूपर्यंत मापा, आणि चक्रांच्या संख्येतून एक वजा करून त्याने भागा. सातवी-आठवीच्या मुलांना हे सहज जमेल.

कोणताही नवा भाग बसवल्यावर डिरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू तपासलेच पाहिजेत. आतला स्क्रू ढिला राहिला तर चढावर सर्वांत मोठ्या चक्रावरून चेन थेट स्पोकमध्ये जाते, चाक अडते आणि स्वार पडतो. मागचे चाक उचलून, पायडल हाताने फिरवून सर्व गिअर एकदा चालवून पाहावेत, मगच रस्त्यावर न्यावी.

आणि खर्च करण्याआधी केबल काढून बघा. आमच्या गावाच्या नावातच धूळ आहे. ती केबलच्या नळीत साचली की चांगला शिफ्टरही बिघडल्यासारखा वागतो. केबल आणि नळी नव्या शिफ्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात.