फुगलेली बॅटरी टोचू नये

आपल्या वारणानगरला संगणक नवा नाही. १९९८ साली येथे ‘वायर्ड व्हिलेज’ नावाची योजना सुरू झाली. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी ती योजना होती. उसाची व बिलाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा तिचा एक हेतू होता. ते संगणक टेबलावर असत. आता पुष्कळ घरांत मुलांच्या हाती लॅपटॉप आला आहे. वीज गेली तरी तो बॅटरीवर चालतो. सोय झाली. पण सोयीबरोबर सांभाळणेही आले.

मागल्या उन्हाळ्यात आम्ही शेजाऱ्यांच्या सोप्यात बसलो होतो. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते. तिचा लॅपटॉप खालून फुगला होता. खाली ठेवला की डुगडुगायचा. शेजारी दाभण घेऊन आले. म्हणाले, “गुरुजी, म्हशीचं पोट लई फुगलं की डॉक्टर टोचून वारा काढतात. तसंच करतो.”

आम्ही त्यांचा हात धरला. म्हणालो, “थांबा! ही म्हैस नव्हे. टोचलंत तर भडका उडेल.”

असे का? या बॅटरीत लिथियम वापरतात. आत पातळ पत्र्यांचे थर असतात. दोन थरांमध्ये बारीक पडदा असतो. भोवती पेट घेणारा द्रव असतो. बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा तिला मार लागला, की आत वायू होतो. मग ती फुगते. दाभणाने पडदा फाटला, की थर एकमेकांना टेकतात. क्षणात उष्णता वाढते. आग लागते. विषारी धूर निघतो.

मग काय करावे?

बोर्डावरचे बटण बंद करावे. चार्जर काढावा. लॅपटॉप बंद करावा. तो पुन्हा चार्ज करू नये. फुगलेला भाग दाबू नये. कडबा, कपडे, चूल यांपासून दूर, फरशीवर ठेवावा. लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा. धूर दिसला तर हात लावू नये. आधी माणसे बाहेर काढावीत. मग ११२ ला फोन करावा.

नवी बॅटरी त्याच लॅपटॉपच्या मॉडेलची घ्यावी. पावती घ्यावी. स्वस्त मिळते म्हणून भलतीच बसवू नये. बॅटरी आत बसवलेली असेल, तर घरी उघडू नये.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. शेकोटीत तर मुळीच नको. २०२२ साली सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. त्यांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर व परदेशातून आणणाऱ्यांवर आहे. म्हणून दुकानदाराला विचारावे, “जुनी बॅटरी परत घेता का?”

रोजची काळजीही सोपी आहे. वाकळेवर, गादीवर ठेवून चार्ज करू नये, उष्णता कोंडते. उन्हात ठेवू नये.

शेजाऱ्यांनी दाभण ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात बॅटरी बदलली. मुलीचा अभ्यास शाबूत राहिला. घरही शाबूत राहिले. दुखणे ओळखल्यावाचून औषध करू नये, हेच खरे.

विचार करा व सांगा
१. बॅटरी का फुगते?
२. ती टोचली तर काय होते?
३. तुमच्या घरी जुनी बॅटरी कोठे पडली आहे?